हिचा नंदादीप आणि छतातल्या बश्या

चूक माझी होती. हे वाक्य मी आयुष्यात फार तर दोनदा बोललो असेन, त्यातलं हे दुसरं. पहिलं कुणाजवळ बोललो ते विचारू नका, तो माणूस आता हयात नाही. चहा घ्या, बसा. आणि मधेच हसू नका, हसायची जागा आली की मी सांगेन.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं पन्नास वर्षं इचलकरंजीत माग चालवले. शेडमध्ये चोवीस माग एकदम खडखडायचे. शेजारच्याला नुसतं ‘पाणी दे’ म्हणायचं तरी बेंबीपासून ओरडावं लागायचं. ती सवय लागली ती लागली. आता इंग्लंडात ब्रॅकनेलला लेकाकडं राहतो, तर शेजारची बाई लेकाला विचारते, तुमचे वडील रोज सकाळी कुणाशी भांडतात? भांडत नव्हतो हो. गावाकडं माझ्या दोस्ताला, बाळूला फोन लावून पाऊसपाणी विचारत होतो.

तर माझा लेक महेश, सून अश्विनी आणि नात ईरा. ईरा आठ वर्षांची. घर जुनं, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी यायची आणि पोरगी हिवाळाभर खोकायची. मग महेशनं घराचं काम काढलं. भिंतींना आतनं जाड फोम, खिडक्या नव्या, जिथं फट दिसेल तिथं बुजवली. घर डब्यासारखं बंद झालं. आता बंद डब्यात हवा कुठनं यायची? तर त्यासाठी वर माळ्यावर एक यंत्र बसवायचं ठरलं.

मी म्हटलं, आधी फटी बुजवायला खर्च, मग हवा आत घ्यायला खर्च. फटी तशाच ठेवल्या असत्या तर दोन्ही वाचलं असतं. यावर महेशनं मला अर्धा तास समजावलं. तो समजावायला लागला की मी मान हलवतो, लवकर संपतं.

पण यंत्र बसवायला डेव्ह नावाचा माणूस आला, त्यानं मात्र दोन मिनिटांत सांगितलं. यंत्राचं झाकण उघडून दाखवलं. आत पातळ पत्र्यांची चळत. घरातली उबट, शिळी हवा एका बाजूनं बाहेर जाते, बाहेरची गार ताजी हवा दुसऱ्या बाजूनं आत येते. दोघी शेजारून जातात, एकमेकींना शिवत नाहीत, पण जाताना एकीची ऊब दुसरीला मिळते. त्याचं इंग्रजी मला कळत नाही आणि माझं त्याला, पण हातानं दाखवलेलं यंत्र मला कुठल्याही भाषेत कळतं.

माळ्यावरनं नळ्या काढून त्यानं प्रत्येक खोलीच्या छताला एकेक पांढरी गोल बशी बसवली. एकंदर नऊ. झोपायच्या आणि बसायच्या खोल्यांतल्या बश्या हवा आत सोडतात, त्या पाच. स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरं आणि कपडे धुवायची जागा, इथल्या बश्या हवा ओढून घेतात, त्या चार. मग त्यानं एक टोपलीसारखं हवा मोजायचं यंत्र प्रत्येक बशीला लावलं, बशीची मधली चकती थोडी आत, थोडी बाहेर फिरवली, आकडा जमला की नट आवळला. सगळे आकडे कागदावर लिहून कागद फ्रिजवर चिकटवला आणि माझ्याकडं बघून बोट हलवलं. महेशनं अर्थ सांगितला, ‘बाबा, बश्यांना हात लावायचा नाही म्हणतोय.’ सगळं घर सोडून माझ्याकडंच बघून का सांगितलं, याचा मला राग आला.

ते होतं मे महिन्यात. सप्टेंबरात महेशनं यंत्रातल्या हवा गाळायच्या जाळ्या बाहेर काढल्या तर त्या काळ्याभोर. मी हातात घेऊन बघत बसलो. आमच्या शेडमध्ये कापसाची पिंज अशी उडायची की संध्याकाळी भुवया पांढऱ्या व्हायच्या. तिथं अशी जाळी असती तर चार माणसं अजून असती. त्या दिवसापासून मी यंत्राला शिव्या देणं जरा कमी केलं. बंद नाही केलं.

आता खरी गोष्ट.

माझी लेक वैशाली ग्लासगोला असते. नवरा तिथं डॉक्टर. लग्नाला नऊ वर्षं झाली, आता कुठं दिवस राहिले होते, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पलंगावरनं उठायचं नाही. आमची ही बॅग भरून निघाली. नवरात्र चार दिवसांवर. हिच्या घटापुढचा नंदादीप लग्न झाल्यापासून एकदाही चुकला नाही, आणि यंदा तर हिनं लेकीच्या नावानं तो नवस म्हणून बोललेला. नऊ दिवस दिवा अखंड राहू दे, पोरगी सुखरूप सुटू दे.

‘अहो, तुमच्यावर सोडून चाललेय,’ ही दारात म्हणाली. ‘तेल वेळेवर घाला, वात वेळेवर पुढं ओढा. एवढंच करायचं. दुसरं काही करू नका.’

मी देवाधर्माचा माणूस नाही. पण ‘एवढंच करायचं’ असं मला बायकोनं सांगावं? चोवीस माग सांभाळलेल्या माणसाला एक दिवा जड आहे?

घट बसवला. आमचं देवघर मागच्या खोलीत, जिथं मी झोपतो. समईला लावायची काच इकडं येताना विमानातच फुटली होती, म्हणून दिवा उघडाच. सुनेनं समईखाली पाण्याची परात ठेवली, आगीची भीती नको म्हणून. मी समोर पाट टाकून राखणीला बसलो. तेल घालायचं, वात बघायची, म्हणून अगदी जवळ. बसून बसून माणूस करणार काय? बाळूला फोन लावायचा आणि बोलायचं. ईराला मी ताकीद दिली, इथं फिरकायचं नाही, आणि दिव्याला फुंकर तर अजिबात घालायची नाही. फुंकरीचा मला भारी राग. जुलैत तिच्या वाढदिवसाला तिनं केकवरच्या मेणबत्त्या फुंकायला गाल फुगवले, तेव्हा मी असा खेकसलो की पोर रडली. ज्योत तोंडानं विझवत नाहीत, आपल्यात नाही ते. शेवटी सुनेनं ताटलीनं वारा घालून विझवल्या आणि सगळं मेण केकवर सांडलं.

पहिली माळ व्यवस्थित गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर बसून बाळूला यंत्राची माहिती देत होतो आणि बोलता बोलता दिवा गेला.

गेला म्हणजे विझला. धुराची एक दोरी वर गेली.

मी देवाधर्माचा नाही हे आत्ताच सांगितलं, पण डोळ्यांपुढं पलंगावर पडलेली वैशू आली. मी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. खिशातला लायटर काढला आणि दिवा लावला. मग वर बघितलं तर देवघराच्या अगदी डोक्यावर ती पांढरी बशी. म्हटलं, तूच.

खुर्चीवर चढलो, नट सैल केला आणि चकती फिरवून पार बंद केली. झालं काम.

कसलं झालं. तिसऱ्या माळेला दिवा परत गेला. पुन्हा सकाळीच, पुन्हा मी समोर बसलेला असताना. आता गंमत बघा, मी झोपलो की दिवा रात्रभर ढिम्म. मी जेवायला गेलो की ढिम्म. मी राखणीला बसलो की घात. मी हिशेब लावला. रात्री यंत्र हळू चालतं हे महेशनंच सांगितलं होतं. आणि मी जेवायला जातो तेव्हा? तेव्हा ते दबा धरून बसत असणार. यंत्रावर माझा संशय इतका पक्का होता की त्याला अक्कल आहे हेसुद्धा मी मान्य करून टाकलं.

वर मागाचं डोकं चालवलं. एक बशी बंद केली म्हणजे तिची हवा बाकीच्या चार बश्यांतनं येणार, आणि ती दाराखालच्या फटीतनं माझ्या दिव्यावर येणार. दुपारी घरात कुणी नसताना चारही बश्या काढल्या, आत काहीबाही कोंबलं आणि बश्या परत बसवल्या. बाहेरनं बघणाऱ्याला काही कळणार नाही, एवढी सफाई अजून हातात आहे.

संध्याकाळी सून कामावरनं आली तर बाहेरचं दार किल्ली फिरवताच हातातनं सुटून आत गेलं. आतनं कुणीतरी ओढल्यासारखं. लावलं तर पत्र टाकायच्या फटीवरची झडप आपोआप उचललेली आणि तिच्यातनं शिट्टी वाजतेय. तिनं मला विचारलं, ‘बाबा, हे कधीपासून होतंय?’ मी म्हटलं, मला ऐकू कमी येतं.

खरं म्हणजे मला कळलं होतं. आत येणारी हवा मी बंद केली, पण बाहेर ओढणाऱ्या चार बश्या चालूच. मग यंत्र मिळेल त्या भोकातनं हवा ओढणार. आधी नव्हता तो वारा मीच घरात आणला. शहाण्या माणसानं काय केलं असतं? कोंबलेलं काढलं असतं. मी काय केलं? उरलेल्या चारही बंद केल्या. साहित्य कमी पडलं म्हणून माझी माकडटोपीसुद्धा कामी आली.

चौथ्या माळेला घरात सामसूम. झडप गप्प, शिट्टी गप्प. पाचव्या माळेला सकाळी दिवा दोनदा गेला.

आता तुम्हीच सांगा, हवेला घरात यायला मी जागा ठेवली नव्हती. तरी दिवा जातो म्हणजे काय समजायचं? त्या दिवशी मी पहिल्यांदा खरा घाबरलो. यंत्राचं नसेल तर मग हे कुणाचं काम? रोज दुपारी हिचा फोन यायचा, त्यात चेहरा दिसतो. ‘दिवा दाखवा’ म्हणायची. मी फोन समईपुढं धरायचो. ही बघायची, हात जोडायची आणि विचारायची, सगळं ठीक आहे ना? मागं पलंगावर वैशूचे पाय दिसायचे. मी म्हणायचो, ठीक आहे. आयुष्यात मी हिला पुष्कळ थापा मारल्या, पण ह्या थापा मारून झाल्या की मी लगेच फोन ठेवायचो.

इकडं घराची तऱ्हा झाली. खिडक्यांवरनं पाणी ओघळायला लागलं. सुनेनं घातलेली फोडणी तीन दिवस टॉवेलांना येत होती. वर माळ्यावर यंत्र दमा झाल्यासारखं घुरघुरत होतं. घटातल्या मातीवर अंकुरांच्या आधी पांढरी बुरशी आली. आणि ईरा पुन्हा खोकली. एकदाच, पण महेशनं ताट बाजूला सारलं आणि डेव्हच्या मालकाला फोन लावला. तुमच्या माणसानं काम नीट केलेलं नाही, त्याला पाठवा आणि सगळं पुन्हा करून घ्या, नाहीतर मी लेखी तक्रार करतो. मी शेजारीच आमटी भुरकत होतो. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो.

सहाव्या माळेला दिवा परत गेला. सातव्या माळेला, शनिवारी सकाळी डेव्ह आला. चेहरा पडलेला. मालकानं झापलेलं दिसत होतं. महेश त्याच्याशी इतक्या थंडपणे बोलत होता की मला आमच्या शेडचा मालक आठवला. सूत खराब आलं तरी बोलणी मागवाल्यालाच. डेव्हनं फ्रिजवरचा कागद काढला, टोपली बशीला लावली. आकडा शून्य. दुसरी बशी, शून्य. मग खुर्चीवर चढून त्यानं बशी ओढली.

त्यातनं माझा पायमोजा पडला.

दुसऱ्या बशीतनं त्याचा जोडीदार. तिसरीतनं बनियन, निम्मी. चौथीतनं बनियनचा उरलेला भाग. पाचवीतनं सुनेचं भांडी पुसायचं फडकं. डेव्ह एकेक वस्तू टेबलावर मांडत होता, पोलिसांनी मुद्देमाल मांडावा तशी. शेवटी स्वयंपाकघरातल्या बशीतनं तपकिरी माकडटोपी निघाली. ब्रॅकनेलमध्ये तशी एकच आहे.

महेश माझ्याकडं वळला. आवाज न चढवता म्हणाला, ‘बाबा, त्या माणसाची नोकरी गेली असती.’

मी पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. दिव्याचं, वैशूचं, लायटरचं. महेशनं कपाळाला हात लावला आणि डेव्हला इंग्रजीत समजावलं. मला वाटलं, हा आता हसणार. तो हसला नाही. ‘दिवा कुठंय?’ एवढंच विचारलं.

मागच्या खोलीत त्यानं आधी बूट दाराबाहेर काढले, कुणी न सांगता. वरची बशी पहिल्यासारखी उघडली. मग माझ्याकडं उदबत्ती मागितली. पेटवून ती दिव्याशेजारी धरली. धूर काठीसारखा सरळ वर. महेशला सांगून यंत्र पूर्ण जोरात करायला लावलं. वर घूं घूं वाढली, धूर सरळच. त्यानं हातानं दाखवलं, बशीतनं हवा छताला चिकटून पसरते, खाली दिव्यापर्यंत येतच नाही. आणि मान हलवली. म्हणजे वारा बशीचा नाही.

माझं डोकं फिरलं. सात दिवसांची भीती, वर मुद्देमालाची शोभा. मी नेहमीच्या पाटावर जाऊन बसलो, नेहमीसारखा पुढं वाकलो आणि म्हटलं, ‘मग फुकाफुकी विझतो होय? पाच पाच वेळा? भूत फिरतंय का घरात?’

‘फुकाफुकी’ला ज्योत आडवी झाली. ‘पाच पाच’ला ती गेली.

डेव्हच्या हातातल्या उदबत्तीचा धूर माझ्या तोंडापुढनं निघून पार दारापर्यंत गेलेला सगळ्यांनी बघितला. मागाच्या खडखडाटावर मात केलेला आवाज, त्यात वरची कवळी ढिली. समोर दोन वितींवर दिवा. तो सात दिवस टिकलाच कसा, हे आश्चर्य.

दारात ईरा उभी होती.

‘आजोबा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही ब्लो केला. ज्योत ब्लो करायचा नाही ना? माझी बर्थडेला तुम्ही मला किती ओरडला.’

हसायची जागा ही. हसा.

डेव्हनं सगळ्या बश्या पुन्हा मोजल्या, नट आवळले, नवा कागद लिहून फ्रिजवर लावला. महेशनं त्याच्या मालकाला फोन करून चूक आमच्या घरातली होती असं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मी मधेच ‘माझी’ म्हटलं. मालकाला मराठी काय कळणार, पण डेव्हला कळलं असावं. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि बश्यांकडं बोट दाखवून ते बोट परत हलवलं. ह्या वेळी राग आला नाही. कागदावर खाली ईरानं पेन्सिलीनं एक ओळ वाढवली आहे. सगळ्या खोल्यांचे आकडे, आणि शेवटी ‘आजोबा – सगळ्यात जास्त’. ती अजून कुणी खोडलेली नाही.

दिवा परत लावून मी पाटावर बसलो होतो, ईरा शेजारी राखणीला. दुपारी हिचा फोन आला. ‘दिवा दाखवा.’

मी फोन समईकडं नेला नाही. सांगितलं, दिवा विझला होता, एकदा नाही, सहा वेळा, आणि माझ्या तोंडानं विझला. बोलताना दिव्याकडनं तोंड फिरवलेलं होतं. वैशूचे पाय मागं दिसत होते, त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मग हिनं फोन उचलला आणि वैशूच्या स्वयंपाकघरात नेला. ओट्याच्या कोपऱ्यात, काचेच्या बरणीत, एक छोटी पणती तेवत होती.

‘पहिल्या माळेपासून लावलीय,’ ही म्हणाली. ‘एकदाही विझली नाही.’

‘अगं मग मला सात दिवस राखणीला कशाला बसवलंस?’

‘तुम्हाला काहीतरी काम हवं म्हणून. त्या यंत्राचं मला काही माहीत नाही, पण तुमच्या तोंडाचं चाळीस वर्षं माहीत आहे.’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ईरानं पटकन पुढं होऊन समईपुढं हात आडवा धरला.